शून्य मिनिटाची काळी लेन

पहिल्या लेनमध्ये जवळजवळ काहीच दिसायला नको होतं. ती शून्य मिनिटाची लेन, म्हणजे ज्या पेशींना आम्ही छेडलंच नव्हतं त्यांची. पुढच्या चार लेन एक, दोन, पाच आणि दहा मिनिटांच्या. वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रत्येक नमुन्यातली प्रथिनं एका उभ्या लेनमध्ये आकारानुसार सुटतात, आणि अँटिबॉडीने शोधलेलं प्रथिन तिथे आडवा बँड म्हणून दिसतं. आमचा ब्लॉट फॉस्फेट चढलेली प्रथिनं दाखवणारा होता. दुसऱ्या मिनिटाला बँड गडद व्हावेत आणि दहाव्यापर्यंत फिके पडू लागावेत, अशी आमची अपेक्षा होती. इमेजरच्या पडद्यावर मात्र पाचही लेन सारख्याच काळ्या उमटल्या, आणि शून्याची तर किंचित जास्तच. शाईत बुडवलेलं बोट वरून खाली ओढावं तशी.

“दादा, ट्यूबा अदलाबदल झाल्या असतील माझ्याकडून,” ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की तिला स्वतःलाच ते पटत नव्हतं.

नागपुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेतलं हे प्रकरण. मे महिना होता आणि नवतपा लागायला चार दिवस उरले होते. ती एमएस्सीच्या चौथ्या सत्रात होती आणि प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. मी तिथलाच जुना पीएचडीवाला, त्यामुळे मॅडमनी तिचा प्रकल्प माझ्या गळ्यात घातलेला. नंतर या ब्लॉटबद्दल मी दोन-तीन ठिकाणी बोललो. दरवेळी लोकांना चूक लक्षात राहिली आणि तिच्यातून काय कळलं ते निसटलं, म्हणून आता सविस्तर लिहितो आहे.

प्रकल्प साधा होता. टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी. त्यांच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे टी-सेल रिसेप्टरला, धक्का दिला की आतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढतं. ते कोणत्या मिनिटाला किती चढतं, हे पाहायचं होतं. पेशी जुरकॅटच्या. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका किशोरवयीन मुलाच्या रक्तातून १९७०च्या दशकात ही पेशीमालिका तयार झाली आणि जगभरच्या टी-पेशींच्या अभ्यासाचा निम्मा भार आजही तीच वाहते. धक्का देण्यासाठी रिसेप्टरच्या संचातल्या सीडी३ला चिकटणारी ओकेटी३ ही अँटिबॉडी.

साखळी थोडक्यात अशी. फॉस्फेट लावणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. एलसीके नावाचं कायनेज रिसेप्टरच्या आतल्या शेपट्यांवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतं. एका रिसेप्टर-संचाच्या शेपट्यांवर अशा वीस जागा असतात. त्या फॉस्फेटवर झॅप-७० येऊन बसतं. तेही कायनेजच. ते लॅट या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, लॅटवर बाकीची मंडळी जमतात, पेशीत कॅल्शियम चढतं आणि पेशी जागी होते. लावलेलं फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांना फॉस्फटेज म्हणतात. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत कायनेजांचे बाण ठळक असतात. फॉस्फटेजला जागा उरली तर कोपऱ्यात कुठेतरी नाव सापडतं.

काळ्या लेनच्या आधी एक पांढरा ब्लॉटही झाला होता, आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

एप्रिलअखेर केलेल्या त्या पहिल्या प्रयत्नात कुठल्याच लेनमध्ये काही आलं नाही. अ‍ॅक्टिन (सगळ्या लेनमध्ये सारखं दिसायला हवं असं पेशीतलं नेहमीचं प्रथिन) व्यवस्थित होतं, एकूण झॅप-७० सुद्धा भरपूर होतं. प्रथिनं जागेवर होती, त्यांच्यावरची फॉस्फेटं तेवढी गेली होती. त्या दिवशी दोनदा वीज गेली. बर्फाचं मशीन आधीच बंद पडलेलं, म्हणून प्रयोगशाळेतले काका गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी घेऊन आले. ती फोडून खोक्यात भरेपर्यंत अर्धं पाणी. “बर्फ तं पाणी होऊन रायला बाई, लवकर करा,” काका सांगत होते. बाहेर पंचेचाळीस अंश होतं.

पेशी फोडल्यावर जे होतं ते मुळातच असमान असतं. आतलं सगळं एकाच द्रावणात येतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, पातळ होऊन जातं. कायनेजला फॉस्फेट लावायला एटीपी लागतं, त्यामुळे ते थांबतं. फॉस्फटेजला एटीपी लागत नाही. त्याला फक्त थोडी ऊब आणि थोडा वेळ हवा. वितळत्या बर्फात आम्ही त्याला दोन्ही दिलं. हे टाळायला लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट टाकतात. व्हॅनाडेटचा आकार फॉस्फेटसारखा असतो. ते फॉस्फटेजच्या खाचेत जाऊन बसतं आणि खाच अडवून धरतं.

व्हॅनाडेट टाकलं होतं. मी बाटली उजेडात धरली तर द्रावण पिवळसर केशरी, चक्क पिकत आलेल्या संत्र्याच्या सालीसारखं. नागपुरात हा रंग सगळ्यांच्या आवडीचा, पण व्हॅनाडेटच्या बाटलीत तो दिसला की समजावं, माल गेला. त्या रंगाचा अर्थ व्हॅनाडेटचे दहा-दहा रेणू एकमेकांना चिकटून डेकाव्हॅनाडेट झालं आहे, आणि ते खाचेत नीट बसत नाही. उपाय जुनाच. सामू दहावर आणायचा, द्रावण रंगहीन होईपर्यंत उकळायचं, थंड झालं की सामू पुन्हा पाहायचा, रंग परत आला तर पुन्हा उकळायचं. याला बोलीत ‘व्हॅनाडेट सक्रिय करणं’ म्हणतात. दुसरी चूक मला फार उशिरा दिसली. आमच्या लायसिस बफरमध्ये ईडीटीए हे धातूंना पकडून ठेवणारं रसायन होतं, आणि ईडीटीए व्हॅनाडेटला खाचेतून ओढून बाहेर काढतं. वर्षानुवर्षं आम्ही कुलूपही लावत होतो आणि किल्लीही त्याच खिशात टाकत होतो. इतर प्रयोग थंडीत भागून जात, म्हणून कुणाला कळलं नाही.

मी तिला म्हणालो, “पुढच्या वेळी व्हॅनाडेट सक्रिय करून घे.” एवढंच. उन्हातून आलो होतो, दुपारी माझं सेमिनार होतं, आणि या शब्दांचा दुसरा काही अर्थ निघू शकतो असं मनातही आलं नाही.

बरं, टायरोसिनवरचं फॉस्फेट इतकं जपावं का लागतं? कारण ते असतंच फार थोडं. पेशीतल्या प्रथिनांवरचं बहुतेक सगळं फॉस्फेट सेरीन आणि थ्रिओनिन या दुसऱ्या दोन अमिनो आम्लांवर असतं. टायरोसिनवरचं १९८०च्या मोजणीत एकूण फॉस्फेटच्या सुमारे ०.०३ टक्के निघालं. ते सापडलं तेसुद्धा एका शिळ्या बफरमुळे. १९७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत टोनी हंटर पॉलिओमा विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. ताजा बफर बनवायचा कंटाळा केला आणि वापरलेलाच पुन्हा ओतला. वापरून वापरून त्याचा सामू १.९वरून १.७ला आलेला होता. त्या सामूला फॉस्फोथ्रिओनिनच्या ठिपक्याशेजारी एक वेगळा ठिपका सुटून दिसला. तोच फॉस्फोटायरोसिन. ताज्या बफरमध्ये दोन्ही ठिपके एकावर एक बसले असते. ही गोष्ट मी तिला पांढऱ्या ब्लॉटनंतर धीर द्यायला सांगितली होती. आता वाटतं, थोडी जास्तच मनावर घेतली तिने.

काळ्या ब्लॉटवर परत येतो.

मॅडमनी तीन शंका लिहून दिल्या: ट्यूबांची अदलाबदल, अँटिबॉडीचा पार्श्वरंग, आजारी पेशी. पहिल्या शंकेसाठी दुसऱ्या दिवशी झाकणांवर आकडे घालून तिच्यासमोर मी स्वतः प्रयोग केला. बफर मात्र तिचेच वापरले. निकाल तोच. दुसऱ्या शंकेसाठी नुसती दुय्यम, म्हणजे बँड उजळवणारी, अँटिबॉडी लावून पाहिली, पट्टी कोरी आली. दूध नव्हे, अल्ब्युमिनने ब्लॉक केलं होतं, त्यामुळे दुधातल्या केसीनच्या फॉस्फेटांचा प्रश्न नव्हता. तिसऱ्यासाठी मायकोप्लाझ्मा, म्हणजे वाढवलेल्या पेशींत लपून राहणारा जीवाणू, तपासला, नव्हता. पेशी गोल आणि चकचकीत होत्या. त्यांना कशाचाच ताण दिसत नव्हता.

मग लॅबबुक उघडलं. हे आधीच करायला हवं होतं, पण आपण आधी माणसावर शंका घेतो आणि वहीवर नंतर. तिचं अक्षर नीटस. धक्का देण्याआधी पेशी पीबीएस या खारट द्रावणाने धुण्याच्या पायरीत एक ओळ: “पीबीएसमध्ये सक्रिय व्हॅनाडेट, १५ मिनिटं, ३७ अंश.”

“हे लायसिसच्या बफरमध्ये टाकायचं असतं ना?”

“हो, पण मागच्या वेळी फॉस्फेटं आपण पेशी फोडेपर्यंतच गेली होती. म्हणून आधीपासूनच टाकलं, फॉस्फटेजला संधीच नको म्हणून.”

“आणि सक्रिय कसं केलं? उकळून?”

“नाही दादा. हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून. एका प्रोटोकॉलमध्ये तसंच लिहिलं होतं.”

तिचं चुकलं नव्हतं. तो प्रोटोकॉल खरा होता, फक्त दुसऱ्या कामाचा. व्हॅनाडेटमध्ये पेरॉक्साइड मिसळलं की परव्हॅनाडेट बनतं, आणि तो वेगळाच प्राणी आहे. साधं व्हॅनाडेट अखंड पेशीत सावकाश शिरतं, खाचेत बसतं आणि निघूनही जातं. परव्हॅनाडेट पेशीत झटकन शिरतं आणि थेट फॉस्फटेजच्या खाचेतल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर घाव घालतं. टायरोसिन-फॉस्फटेजांचं सगळं काम या एका सिस्टीनच्या गंधकावर चालतं. परव्हॅनाडेट त्या गंधकाला ऑक्सिजन जोडत जातं, शेवटी तीन. तिथून परतीची वाट नाही आणि ईडीटीएही काही करू शकत नाही. म्हणजे पेशी जिवंत असतानाच, रिसेप्टरला हात लावण्याआधीच, तिच्या सगळ्या टायरोसिन-फॉस्फटेज तिने बाद केल्या होत्या. बाकी काहीच केलं नव्हतं.

आणि तरी लेन काळी झाली होती.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी भडकल्या, मग गप्प झाल्या. “धक्का कोणी दिला मग?” असं त्यांनी विचारलं. प्रकरण खरं तर तिथून सुरू झालं. एमएस्सीचा प्रकल्प या प्रश्नावर वळवायचा असं ठरलं. वेळ कमी होता, पण प्रयोग लहान होता.

या वेळी मुद्दाम केला. एका ट्यूबमध्ये नुसत्या पेशी, एकीत ओकेटी३, एकीत उकळून सक्रिय केलेलं साधं व्हॅनाडेट, एकीत नुसतं पेरॉक्साइड तेवढ्याच प्रमाणात. एकीत परव्हॅनाडेट, ताजं केलेलं आणि उरलंसुरलं पेरॉक्साइड कॅटालेज या विकराने मारलेलं. परव्हॅनाडेट लवकर बिघडतं, त्यामुळे बनवलं की वापरायचंच. शेवटच्या ट्यूबमध्ये परव्हॅनाडेटच, पण आधी पीपी२ देऊन. पीपी२ एलसीकेच्या कुटुंबातल्या कायनेजांना अडवतं. काका पहाटे साडेपाचलाच लादी घेऊन आले आणि आठच्या आत पेशी फोडून झाल्या. त्या दिवशी सगळ्यांसाठी तर्री-पोहे आले, ते ब्लॉट ट्रान्सफरला लागल्यावर.

नुसत्या पेशींची लेन फिकी आली, हवी तशी. ओकेटी३च्या लेनमध्ये बँड सुटे सुटे होते. साध्या व्हॅनाडेटच्या आणि नुसत्या पेरॉक्साइडच्या लेनमध्ये फार काही नाही. परव्हॅनाडेटची लेन पुन्हा काळीकुट्ट. आणि पीपी२ असलेल्या लेनमध्ये तीच काळिमा ठळकपणे उतरलेली, पूर्ण गेलेली नाही.

शेवटच्या दोन लेन शेजारी ठेवल्या की उत्तर दिसतं. परव्हॅनाडेट स्वतः फॉस्फेट लावत नाही. फॉस्फेट लावलं ते पेशीतल्या कायनेजांनी, त्यात मुख्यतः एलसीकेच्या कुटुंबाने. म्हणजे कोणी न छेडलेल्या, निवांत बसलेल्या पेशीतही एलसीके काम करत होतं. ते फॉस्फेट लावत होतं आणि फॉस्फटेज तितक्याच वेगाने ते काढून टाकत होत्या. शून्य मिनिटाची लेन फिकी दिसते ती पेशी बंद असल्यामुळे नाही. लिहिणारा लिहीत असतो आणि पुसणारा त्याच्या मागोमाग पुसत असतो, म्हणून पाटी कोरी दिसते.

कूलर बघा. टाकीतली पातळी दुपारभर तेवढीच दिसते, पण पाणी स्थिर नसतं. नळ बारीक सोडलेला असतो आणि खस तेवढंच पाणी हवेत उडवून देत असते. कूलर बंद करून नळ विसरलात तर थोड्या वेळाने फरशीवर पाणी. तिने कूलर बंद केला होता.

हे आम्हाला नवं होतं, जगाला नव्हतं. परव्हॅनाडेट एकट्यानेच टी-पेशींना जागं करतं, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रसिद्ध झालेलं आहे. २०१०मध्ये एका गटाने विश्रांतीतल्या टी-पेशींमध्ये जवळपास ४० टक्के एलसीके आधीच सक्रिय असतं असं दाखवलं. पुढे काहींनी हा आकडा फार मोठा आहे म्हणून वाद घातला. नेमका किती हा वाद चालू दे. शून्य नाही, एवढं तर आमच्या फुटक्या बर्फावरही दिसलं.

पेशी एवढं एटीपी का उधळते, हा प्रश्न तिने विचारला आणि मला तो सगळ्यात आवडला. सरळ उत्तर वेगाचं आहे. कायनेज आधीच चालू असेल तर धोका ओळखून प्रतिसाद द्यायला सेकंद पुरतात. पण मला मोठं वाटतं ते दुसरं उत्तर. टी-पेशीसमोर सतत आपल्याच शरीराच्या प्रथिनांचे तुकडे येत असतात. त्यांतले बरेच रिसेप्टरला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. परक्या जंतूचा तुकडा जरा जास्त वेळ, काही सेकंद, टिकतो. फरक एवढाच. वीस टायरोसिन, मग झॅप-७०, मग लॅट, एवढ्या पायऱ्या चढायला वेळ लागतो, आणि मध्येच तुकडा सुटला तर फॉस्फटेज चढलेलं सगळं पुसून टाकतात. थोडक्यात, आपलं आणि परकं यांतला भेद करण्याचं निम्मं काम पुसणाऱ्यांकडे आहे. कोपऱ्यात नाव असलेल्यांकडे.

या पुसणाऱ्यांत सगळ्यात मोठं सीडी४५. टी-पेशीच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा तेच व्यापतं असा अंदाज आहे. सीडी४५ म्हणजे फॉस्फटेज आहे हे १९८८मध्ये कळलं. निकोलस टॉन्क्स यांनी माणसाच्या वारेतून (प्लासेंटातून) शुद्ध केलेल्या पीटीपी१बी या टायरोसिन-फॉस्फटेजचा अमिनो आम्लांचा क्रम सीडी४५च्या आतल्या भागाशी जुळला. त्याआधी ते नुसतं पेशी ओळखायचं चिन्ह होतं. सीडी४५चं बाहेरचं डोकं उंच असतं. टी-पेशी दुसऱ्या पेशीला चिकटते तिथे रिसेप्टर आणि त्याचा जोडीदार मिळून सुमारे पंधरा नॅनोमीटरचं अंतर राखतात. उंच सीडी४५ त्या फटीत मावत नाही आणि बाजूला ढकललं जातं. १९९६मध्ये डेव्हिस आणि व्हॅन डर मर्व यांनी मांडलेली कल्पना ही. पुसणारा दूर झाला की एलसीके जे आधीपासून करतच होतं, ते आता टिकतं.

म्हणजे निसर्गही धक्का देताना, निदान अंशतः, तेच करतो जे तिने चुकून केलं. फरक आवाक्याचा. निसर्ग ठिपक्याएवढ्या जागेतून एक पुसणारा बाजूला सारतो. तिने पेशीतले सगळे मारून टाकले.

हे लिहिताना मलाच एक सोपं समीकरण मोहात पाडतं: फॉस्फेट म्हणजे चालू, फॉस्फटेज म्हणजे ब्रेक. प्रबंधाच्या मसुद्यात तिनेही तेच लिहिलं होतं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. “मग बाळा, सीडी४५ काढूनच टाकलं तर पेशी कायमची पेटलेली राहील ना?”

ती दोन क्षण थांबली. मी मागच्या खुर्चीत घाम पुसत होतो.

“नाही सर, विझेल,” ती म्हणाली, आणि फळ्याकडे गेली. एलसीकेवर दोन टायरोसिन महत्त्वाची, ३९४ आणि ५०५. ३९४वर फॉस्फेट असेल तर एलसीके चालू. ५०५वर असेल तर ते स्वतःतच मुडपून बसतं. ५०५वर फॉस्फेट लावतं सीएसके हे दुसरं कायनेज, आणि काढतं सीडी४५. सीडी४५ नसेल तर ५०५वरचं फॉस्फेट तसंच राहतं, एलसीके उघडतच नाही, रिसेप्टरला कितीही छेडा. सीडी४५ गमावलेली जुरकॅटची एक उपमालिका आहे, ती रिसेप्टरला उत्तर देत नाही. सीडी४५ जन्मतःच नसलेल्या बाळांना गंभीर प्रतिकारक्षमता-न्यूनता होते. तेच सीडी४५ ३९४वरचंही फॉस्फेट काढतं, म्हणजे एकाच हाताने कुलूप उघडतं आणि दिवाही मालवतं. मग तिने एनफॅट या जनुकं सुरू करणाऱ्या प्रथिनाचं उदाहरण दिलं. ते फॉस्फेट अंगावर असेपर्यंत केंद्रकाबाहेर अडकून राहतं. कॅल्सिन्युरिन हे फॉस्फटेज ते उतरवतं तेव्हाच एनफॅट आत जाऊन जनुकं सुरू करतं. किडनी बदललेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस देतात ते नेमकं या कॅल्सिन्युरिनला अडवायला. तिथे पुसणाऱ्याला थांबवलं की पेशी शांत होते.

“म्हणजे कोणत्या प्रथिनावर, कोणत्या जागी, हे सांगितल्याशिवाय फॉस्फेटला अर्थ नाही,” सर म्हणाले.

“हो सर. मसुद्यातलं ते वाक्य मी बदलते.”

एक धागा ब्लॉटवर राहून गेला. परव्हॅनाडेटच्या लेनमध्ये एकूण झॅप-७०च्या बँडच्या वर धुरकट सावली चढत गेली होती. टायरोसिन-फॉस्फेट चढलेल्या झॅप-७०ला सीबीएल ओळखतं. सीबीएल हे युबिक्विटिन चिकटवणारं विकर, आणि युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, एकावर एक चढलं की बँड वर सरकतो. सावली त्याचीच असावी असं माझं मत आहे. खात्री करायला झॅप-७० वेगळं ओढून युबिक्विटिनच्या अँटिबॉडीने पाहायला हवं होतं. तेवढ्या पेशीही उरल्या नव्हत्या आणि दिवसही.

प्रयोगशाळेत बदल झाले ते किरकोळ. लायसिस बफरमधून ईडीटीए गेलं. ‘सक्रिय करणं’ हा शब्द आमच्या प्रोटोकॉलमधून मी खोडला आणि त्या जागी ‘उकळणं’ असं सरळ लिहिलं. फ्रिजमध्ये आता दोन बाटल्या असतात. एकीवर मी लिहिलं आहे: ‘ऑर्थोव्हॅनाडेट, रंगहीन असेल तरच’. दुसरी रिकामीच असते, कारण परव्हॅनाडेट साठवत नाहीत, पण लेबल तिने जाताना लावून ठेवलं आहे: ‘परव्हॅनाडेट. जिवंत पेशींना द्यायचं असेल तर आधी मला फोन करा.’